इंग्रजी बोलताना बेळगाव लपवायचं कशाला?

टिळकवाडीकर
भाचीनं 'न्यूट्रल ॲक्सेंट'च्या क्लासला नाव घातलंय. बंगळूरच्या मुलाखतींची तयारी म्हणे. परवा तिची वही चाळली. एकाच पानावर दोन सूचना: 'कार्ड', 'पार्क', 'फोर'मधला र गिळायचा, आणि 'वॉटर', 'बेटर'मधला ट जवळजवळ ड करायचा. म्हणजे र लंडनचा आणि ट शिकागोचा. असं इंग्रजी जगात कुठल्या गावचे लोक बोलतात?

उच्चार स्पष्ट हवा, त्यासाठी मेहनत घ्यावी, हे मान्य. पण आपलं गाव ऐकू येऊ नये म्हणून पैसे मोजायचे हे काही पटत नाही. खुद्द इंग्लंडात लिव्हरपूल आणि मँचेस्टर शेजारी-शेजारी, तरी बोलणं निराळं. उत्तरेकडे 'बस'चा उच्चार 'बुस'कडे झुकतो, 'कप'चा 'कुप'कडे. आपल्यातलं कोणी असं बोललं असतं तर अख्खा वर्ग हसला असता.

र चंच बघा. दक्षिण इंग्लंडात 'कार्ड'मधला र स्पष्ट म्हणणारा खेडवळ ठरतो. स्कॉटलंड-आयर्लंडात तोच र खणखणीत. न्यूयॉर्कात तर उलटी गंगा. विल्यम लाबोव्ह या भाषाशास्त्रज्ञानं १९६२ साली तिथल्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना मुद्दाम अशाच वस्तू कुठे मिळतील ते विचारलं, की उत्तर 'फोर्थ फ्लोर' असं यावं. दुकान जितकं महागडं, तितका विक्रेत्यांच्या तोंडी र जास्त! मग भाचीनं आपला र नेमका कोणाच्या धाकानं गिळायचा?

कॅम्पातली
ऑस्ट्रेलियात. तिथं र गिळतात आणि ट मऊ करतात. क्लासवाल्यानं नकळत सिडनी शिकवलीय.

टिळकवाडीकर
फी डॉलरमध्ये मागितली नाही हे नशीब.

निपाणी_टू_बंगळूर
काका, वाचायला गोड आहे. मी मूळ निपाणीची, सातवीपर्यंत मराठी शाळा, आता बंगळुरात भरतीचं काम करते. फोनवर मुलाखत घेणारा पहिल्यांदा 'सॉरी?' म्हणाला की आपल्याकडची मुलगी गडबडते. दुसऱ्यांदा म्हणाला की ती वाक्यं तोडायला लागते. पुढं तिला उत्तर येत असलं तरी ती गप्प होते. मी फॉर्मवर काहीही लिहिलं तरी निकाल तिथंच लागलेला असतो. ऐकणारा पूर्वग्रहदूषित असेलही, पण पगार तोच देतो की.

लिव्हरपूलच्या पोराला 'तुला इंग्रजी येतं का' असं कोणी विचारत नाही. आमच्या पोरांना पहिला प्रश्न तोच असतो. हा फरक तुम्ही सोयीस्कर विसरलात.

आणि इंग्रजांच्या उदारपणाचे गोडवे नकोत. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, बीबीसीनं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं, तर त्यांच्याच श्रोत्यांनी तक्रारी केल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं बातम्यांना तोच साहेबी उच्चार. घरच्या माणसाचं जिथं हे झालं, तिथं खानापूरच्या मुलीनं पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत बाणा दाखवायचा होय?

उद्यमबागचा
आमचा धंदा कास्टिंगचा. गिऱ्हाइकं जर्मन, इटालियन. त्यांचंही इंग्रजी उसनंच. ॲक्सेंटपायी कोणी माल परत पाठवला नाही अजून. अडतं ते आकड्यांत. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' आम्ही सारख्याच ठेक्यात म्हणतो आणि शेवटचा न अर्धा खातो. पलीकडचा पन्नास लिहून मोकळा. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, आकडा बोलला की लगेच 'वन फाइव्ह' असं सुटं सांगायचं आणि वर मेल टाकायचा. याला कसला क्लास लागतोय?

निवृत्त_मास्तर_खानापूर
तुम्ही सगळे दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. गाव ऐकू येणं वेगळं आणि शब्दच न कळणं वेगळं.

तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि 'पिन' म्हणा. आपली पट्टी जेमतेम हलते. लंडनच्या माणसाची उडते, कारण शब्दाच्या आरंभीचा प, ट, क म्हणताना तो हवेचा झोत सोडतो. तो झोत नसला की आपलं 'पिन' त्याच्या कानाला 'बिन' लागतं. ख आणि ठ म्हणताना हाच झोत आपण दिवसभर सोडतो, इंग्रजी बोलताना मात्र आवरून धरतो! वर्गात मी मुलांना पट्टी धरायला लावायचो. पहिल्या तासाला नुसता थुंकीचा पाऊस, पण आठवड्यात फरक पडायचा. दुसरं, 'शिप' आणि 'शीप' लिहिताना आपण वेगळं ठेवतो, बोलताना एक करतो. आणि आघात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं एका मापानं मोजून देतो. कन्नड मुलंही तशीच, वर 'बस्सु', 'कारु' असा शेवटी उ लावून.

एवढं घोटून घ्या. र ला हात लावायचं काही कारण नाही.

शहापूरचा_पुण्यात
पुण्यात होस्टेलवर 'जाऊलालो' म्हटलं की हसायचे. आता तिथं पुणेरी बोलतो आणि घरचा फोन आला की आपोआप बेळगावी सुरू. इंग्रजीही दोन ठेवावीत, मुलाखतीचं एक आणि आपलं एक. लगेच अस्मिता कशाला मधे आणायची? भाषेचा एक वाद सीमाभागाला पुरेसा नाही काय?

टिळकवाडीकर
शहापूरकर, हसणारे जिथल्या तिथं राहिले, बदलायचं काम तुमच्याच वाट्याला आलं. ते बरोबर झालं असं तुम्हाला वाटतं का, एवढंच विचारतोय.

शहापूरचा_पुण्यात
नाही वाटत. पण तेव्हा मला मेसमध्ये मित्र हवे होते ओ, न्याय नको होता.

कॅम्पातली
उच्चाराचं सोडा. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'यस्टरडे ओन्ली आय केम' यांनाही आता बोली म्हणायचं का? मग इंग्रजीच्या तासाला शिकवायचं तरी काय?

निवृत्त_मास्तर_खानापूर
आयरिश माणूस 'मी नुकताच जेवलोय' हे 'आयम आफ्टर ईटिंग' असं सांगतो. ही त्यांच्या जुन्या गेलिक भाषेची घडण. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ती आयरिश इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून मानानं बसलीय. आपला 'ओन्ली' म्हणजे 'कालच'मधला च. त्यालाही तशी जागा मिळायला हरकत नाही. नोकरीच्या अर्जात मात्र लिहू नये. शहाणा आयरिश माणूसही अर्जात तसं लिहीत नाही.

निपाणी_टू_बंगळूर
मास्तर, हे शेवटचं धाग्याच्या डोक्यावर चिकटवा. बाकी झोत आणि आघात मला मान्य. र बद्दल माझं मत बदललेलं नाही. परदेशी ग्राहकांच्या फोनवर बसायचं असेल तर जो कान समोर आहे त्याच्या सवयीनं बोलावं लागतं.

टिळकवाडीकर काका, रविवारी भाचीची फोनवर खोटी मुलाखत घेते. मला तीनदा 'सॉरी' म्हणावं लागलं तर क्लास चालू ठेवायचा. कबूल?

टिळकवाडीकर
कबूल. पण खरंच कळलं नाही तरच 'सॉरी' म्हणायचं. नुसता र ऐकू आला म्हणून नाही.

उद्यमबागचा
पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा सुटा सांगायला सांगा तिला. पन्नासाचे पंधरा व्हायचे.