'प्रे'सारखी शॉर्ट फिल्म, साल १७१९, जागा इंदूर: बंदूक कोणती आणि उष्णतेची नजर कशी दाखवायची?

जुनी_इंदूर: 'प्रेडेटर' मालिकेतल्या 'प्रे' (२०२२) मध्ये १७१९ सालचा, अमेरिकेतल्या कोमांची आदिवासींचा मुलूख आहे आणि उष्णता पाहणारा परग्रहावरचा शिकारी. तेच साल धरून पंधरा मिनिटांची फिल्म लिहितोय. परग्रहावरचा शिकारी इंदूरजवळच्या जंगलात उतरतो आणि होळकरांचे शिपाई त्याच्या मागावर निघतात. त्या चित्रपटात १७१५ कोरलेलं चकमकीचं पिस्तूल आहे, तेच १९९० च्या 'प्रेडेटर २' मध्येही दिसतं. आपल्या शिपायाकडे तसं पिस्तूल चालेल का? शूटिंग मे महिन्यात, इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला. बजेट अगदी थोडं.

बखरवाचक: आधी साल बदला. १७१९ मध्ये इंदुरात होळकर नव्हतेच. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा, पण माळव्यात त्यांचा अंमल बसायला अजून दहा-बारा वर्षं होती. माळवा तेव्हा मोगलांचा सुभा, राजधानी उज्जैन. इंदूरचा राजवाडाही नंतरचा. होळकरांचे शिपाई हवेच असतील तर अहिल्याबाईंचा काळ घ्या, १७६७ ते १७९५. राजधानी महेश्वर, म्हणजे विंध्याचा घाट उतरून नर्मदेपर्यंतची वाट आपोआप हाताशी येते. त्या घाटावरचा जाम दरवाजाही त्याच काळातला.

ठासणी: पिस्तुलापेक्षा तोड्याची, म्हणजे धुमसत्या दोरीने पेटणारी बंदूक घ्या, साध्या शिपायाच्या हातात तीच शोभेल. भरण्याची रीत नीट दाखवा: शिंगाड्यातून (दारू ठेवायच्या शिंगातून) मोजून दारू नळीत, वर गोळी, गजाने ठासणी, गज परत जागेवर. मग नळीच्या बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक (पेट घ्यायची बारीक दारू), झाकण बंद, तोड्यावर फुंकर, झाकण उघडून चाप. सरावलेल्या हातालाही अर्धा ते एक मिनिट लागतं. गज नळीतच विसरणं ही त्या काळची खरीखुरी चूक, ती जरूर वापरा.

आणि कथेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तोडा सतत धुमसत असतो. उष्णता पाहणाऱ्या शिकाऱ्याला अंधारात सगळ्यात आधी ते लाल टोकच दिसणार. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी फक्त चाप ओढल्यावर पडते. म्हणजे शिपाई जितका सज्ज, तितका उघडा. तोडा विझवला तर लपता येतं, पण बार उडवता येत नाही. तुमची फिल्म या एका पेचावर उभी राहील.

बंदूक लाकूड आणि पीव्हीसी पाइपची करा, खरी दारू अजिबात नको. जाड सुती दोरीच्या टोकात अगरबत्तीचा बोटभर तुकडा खुपसा: निखारा खरा, धूरही खरा. गोळीबाराच्या धुरासाठी रबरी फुग्याच्या पंपाने टाल्कम पावडर उडवा. मैदा किंवा बेसन नको, हवेत उडालेलं पीठ निखाऱ्यापाशी भडकतं. कोरड्या गवतात पाण्याची बादली शेजारी ठेवाच.

जुनी_इंदूर: साल बदललं, तोडाही पक्का. थर्मलसाठी, म्हणजे शिकाऱ्याच्या उष्णतेच्या नजरेसाठी, एडिटिंगमध्ये रंग बदलले तर?

लाल_निळा: फसेल. साधा कॅमेरा प्रकाश टिपतो, उष्णता नाही. पांढरा सदरा भडक लाल होईल आणि घामेजलेला चेहरा निळा. फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा दोन दिवस भाड्याने मिळतो का बघा. बरीच स्वस्त मॉडेल सेकंदाला ९ च्या आसपास फ्रेमच देतात, त्यामुळे पळापळ तुटक दिसते. शिकाऱ्याच्या नजरेचे शॉट संथ ठेवा.

पण मे महिना सोडा. कातडी साधारण ३३-३४ अंश, दुपारचा खडक ५० च्या आसपास. माणूस पार्श्वभूमीपेक्षा गारच दिसेल, सगळा खेळ उलटा. डिसेंबरात पहाटे पाच वाजता दगड १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा माणूस दिव्यासारखा उठून दिसतो. मेमध्ये पाताळपाणीला धारही नसते.

१९८७ च्या पहिल्या 'प्रेडेटर'मध्ये नायक अंगाला चिखल लागल्याने शिकाऱ्याला दिसत नाही; तो चिखल वापरणार असाल तर जाड थापा. पातळ थर काही मिनिटांत अंगाइतकाच गरम होतो. ओला चिखल बाष्पीभवनाने गार राहतो आणि वाळला की माणूस पुन्हा दिसू लागतो. तडा गेलेल्या चिखलातून एक लाल रेघ चमकते, तो शॉट क्लोजअपमध्ये घ्या.

बखरवाचक: एक राहिलं. 'प्रे'ची निर्माती झेन मायर्स स्वतः कोमांची आहे आणि चित्रपट पूर्ण कोमांची भाषेतही ऐकता येतो. तुमच्या जंगलातला वाटाड्या भिल्ल असेल, तर त्याचे संवाद भिलीत ठेवा आणि ते लिहायला भिली बोलणाराच माणूस घ्या. त्याच्या हातात कामठा (धनुष्य) द्या. निखारा नाही, धूर नाही, शिकाऱ्याला दिसावं असं त्या हत्यारात काहीच नाही.