चूक पहिल्या पानावर, खुलासा सातव्या पानावर

रातपाळी: अकरा वर्षं मी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. एका रात्री अफरातफरीची बातमी पहिल्या पानावर तीन कॉलम गेली. आडनाव सारखं म्हणून भलत्याच शिक्षकाचा फोटो लागला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ अंकाची घडी हातात धरून आमच्यासमोर बसले होते. खुलासा मीच लिहिला, बारा ओळींचा. ऐन वेळी जाहिरात आली आणि तो सातव्या पानावर चार ओळींत उरला. म्हणून माझी मागणी एकच आहे: चूक जिथे आणि जेवढी, खुलासा तिथेच आणि तेवढाच, आणि हे कायद्यानेच बंधनकारक हवं. स्वनियमनाचं काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. वृत्तपत्रांनीच उभी केलेली तक्रार समिती तिथे १९९१ पासून होती, तरी फोन हॅकिंग, म्हणजे बातमीसाठी लोकांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकणं, वर्षानुवर्षं चाललं. २०११ मध्ये त्यात अडकलेलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र बंद पडलं आणि न्यायाधीश लेव्हसन यांची चौकशी बसली, तेव्हा कुठे ती समिती मोडीत निघाली.

मोकळा श्वास: तुमची कळकळ पटते, उपाय नाही. कायदा म्हटलं की तो राबवणारा माणूस आला, आणि त्याला नेमणार सरकार. हंगेरीत २०१० मध्ये माध्यमांवर देखरेख करणारी माध्यम परिषद आली. तिचे सगळे सदस्य सत्ताधाऱ्यांनी सुचवलेले होते. सरकारवर टीका करणाऱ्या क्लुबरादिओ या रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी २०२१ मध्ये गेली ती नियमांवर बोट ठेवूनच. नियम निरुपद्रवीच दिसतात हो, ते कुणाच्या हातात पडतात हा प्रश्न आहे.

दोन तराजू: वृत्तपत्र आणि वाहिनी एकाच मापाने मोजू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रेडिओ-टीव्हीवर उत्तराचा हक्क, म्हणजे ज्याच्यावर टीका झाली त्याला तिथेच उत्तर देण्याचा हक्क, मान्य केला आणि १९७४ मध्ये तोच हक्क वृत्तपत्रांवर लादायला नकार दिला. प्रसारणाच्या लहरी मोजक्या आहेत, त्या वापरायला मिळालेल्याने लोकांचं देणं लागावं, हा पहिल्या निकालामागचा विचार. छापखाना कुणीही काढू शकतो. मला हा फरक आजही रास्त वाटतो.

मोकळा श्वास: आणि वाहिन्यांवरच्या नियमाचं पुढे काय झालं? दोन्ही बाजू दाखवा हे बंधन तिथे १९४९ पासून होतं. नको ती कटकट म्हणून केंद्रं वादाचे विषयच टाळतात, असं म्हणत खुद्द अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगानेच १९८७ मध्ये ते काढलं.

पट्टीवाली: मी वाहिनीत खालची पट्टी टाइप करायचे. एकदा मृतांचा चुकीचा आकडा चाळीस मिनिटं फिरत राहिला. बरोबर आकडा आल्यावर जुनी ओळ नुसती काढली. आधीचा आकडा चुकीचा होता, हे कुणी बोललंच नाही. ज्यांचे नातेवाईक तिथे होते त्यांनी ती चाळीस मिनिटं कशी काढली असतील? टीव्हीवर तर सातवं पानही नसतं. रातपाळी यांना माझा पाठिंबा.

रातपाळी: मोकळा श्वास, माध्यम परिषद मलाही नकोच. फ्रान्समध्ये १८८१ पासून कायदा आहे. वृत्तपत्रात ज्याचं नाव आलं त्याचं उत्तर दैनिकाने तीन दिवसांत, त्याच जागी, त्याच टायपात, फुकट छापायचं. नाकारलं तर माणूस थेट न्यायालयात जातो. परवाना नाही, आयोग नाही.

मोकळा श्वास: तो हक्क मंत्र्यालाही मिळतो. खऱ्या बातमीवरही तो तेवढीच जागा मागणार. स्वीडनमध्ये माध्यम लोकपाल आहे, तो वृत्तपत्रांनी स्वतः मान्य केलेला. ठपका बसला की तो छापतात, वर शुल्कही भरतात. हे तिथे कायद्याशिवाय चालतं.

रातपाळी: खऱ्या बातमीवर उत्तर आलं तर येऊ दे, बातमी खरी असेल तर ती टिकेल. मंत्र्याकडे माइक आधीच आहे. त्या शिक्षकांकडे घडी घातलेला अंक होता. पहिल्या पानावर का नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा ‘जागा नाही’ असं मी सांगितलं. जागा होती.