शनिवार-रविवार उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. डॅशकॅमचे सॉफ्टवेअरही उघडत नाही

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असून बॅटरीला चौथे वर्ष सुरू आहे. गेल्या महिन्यात अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून डॅशकॅम (गाडीतून समोरचे चित्रण करणारा कॅमेरा) बसवून घेतला आणि गाडी उभी असतानाही चित्रण व्हावे म्हणून त्याच्या वायरी फ्यूज बॉक्सला जोडून घेतल्या. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरत नाही, बॉनेटखालून भराभर टिक्-टिक् असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावली की लगेच सुरू होते आणि रोज वापरात असेपर्यंत काही तक्रार राहत नाही. गॅरेजमधून बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

दुसरी अडचण अधिक निकडीची आहे. रविवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी पुढचा बंपर चेपून निघून गेले. विम्याच्या दाव्यासाठी ते चित्रण हवे आहे. परंतु कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून कॅमेऱ्यासोबत आलेले सॉफ्टवेअर उघडले की त्याची खिडकी क्षणभर दिसते आणि काहीही संदेश न देता बंद होते. कार्डातील शेवटची फाइल इतर प्लेअरमध्येही चालत नाही. तिचा आकार मात्र बाकीच्या फायलींइतकाच आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ असून खात्याचे नाव मी देवनागरीत ठेवले आहे. कार्ड फॉरमॅट करून पाहावे का?

प्रतिसाद : फीतसंग्राहक

कृपया फॉरमॅट करू नका आणि ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यातही घालू नका. डॅशकॅम जागा संपली की सर्वांत जुन्या फायली पुसून नवे चित्रण लिहितो. त्यामुळे आज जे वाचवता येण्यासारखे आहे ते उद्या उरणार नाही. ‘स्कॅन अँड फिक्स’ अशी सूचना विंडोजने दाखवली तरी तूर्त नाही म्हणा. अ‍ॅडॅप्टरच्या कडेची लॉकची खिटी खाली सरकवा म्हणजे कार्डावर काही लिहिले जाणार नाही, संपूर्ण कार्डाची प्रतिमा-फाइल (हुबेहूब प्रत) करून घ्या आणि पुढचे सर्व काम त्या प्रतीवरच करा.

शेवटची फाइल न चालण्याचे कारण बहुधा असे आहे. एमपी४ फाइलमध्ये चित्राची कोणती चौकट (फ्रेम) कुठे आहे हे सांगणारी सूची असते आणि बहुतेक कॅमेरे ती चित्रण संपवताना, म्हणजे अगदी शेवटी, लिहितात. वीज मध्येच गेली तर चित्र कार्डावर असते, सूची मात्र नसते; म्हणून आकार दिसतो पण प्लेअर फाइल उघडत नाही. ‘अनट्रंक’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर अशा फायलींसाठीच आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच रिझोल्यूशनवर घेतलेली एक सुस्थितीतील फाइल नमुन्यादाखल द्यावी लागते. तिच्या रचनेवरून ते तुटलेल्या फाइलची सूची नव्याने बांधते. दरवेळी संपूर्ण चित्रण मिळेलच असे नाही, पण विम्यासाठी काही सेकंदही पुरेसे ठरू शकतात.

प्रतिसाद : वायरिंगवाले काका

कोथरूडकर, बॅटरी विकत घेण्याआधी हजार रुपयांच्या आत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. भराभर टिक्-टिक् होणे आणि त्याच वेळी दिवे मंदावणे हे बॅटरी उतरल्याचे, किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले असल्याचे लक्षण आहे. दिवे लख्ख राहून एकदाच ‘टक्’ असा आवाज आला असता, तर मी आधी स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहायला सांगितले असते.

गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी आणि ११.८ च्या खाली गेली तर ती रिकामी समजा. सेल्फ मारताना ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर आपले काम करत आहे.

आता मुख्य गोष्ट. गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजायचा आहे. ऋण टर्मिनल सोडवून, मीटर १० अँपिअरच्या जागी लावून, तो वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. गाडी लॉक करा आणि सर्व यंत्रणा झोपी जाण्यासाठी अर्धा तास थांबा. या जोडणीत सेल्फ अजिबात मारू नये, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल. निरोगी गाडीत हा प्रवाह २० ते ५० मिलिअँपिअर असतो. तो जास्त आला तर कॅमेऱ्याचा फ्यूज काढा आणि आकडा किती उतरतो ते पाहा.

माझा संशय जोडणीवर आहे. कॅमेरा फ्यूज बॉक्सला जोडण्याच्या किटमध्ये बहुधा तीन वायरी असतात : काळी अर्थिंगला, पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला आणि लाल किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला. रंग आपल्या पुस्तिकेत ताडून घ्या. लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या विजेला जोडल्या, तर गाडी बंद झाल्याचे कॅमेऱ्याला कळतच नाही. तो पार्किंगच्या स्थितीत न जाता अखंड चित्रण करत राहतो, आणि काही कॅमेऱ्यांत कमी व्होल्टेजला स्वतः बंद होण्याची सोय पार्किंगच्या स्थितीतच लागू असते.

प्रतिसाद : संकेतलिपी

सॉफ्टवेअर बंद पडण्यास आपल्या खात्याचे देवनागरी नाव कारणीभूत असू शकते. विंडोज खात्याच्या नावाने फोल्डर तयार करते आणि बरीच सॉफ्टवेअरे आपली सेटिंग्ज त्याच फोल्डरमध्ये ठेवतात. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरला त्या मार्गातील देवनागरी अक्षरे वाचता येत नाहीत, आणि ते पहिल्याच पायरीवर कोसळते. खात्याचे नाव नंतर बदलले तरी फोल्डरचे नाव तेच राहते, म्हणून रोमन लिपीतील नावाचे नवे स्थानिक खाते उघडून, कार्ड न लावता, तिथे प्रयोग करा. तिथेही तेच झाले तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये (विंडोजच्या बिघाडांच्या नोंदवहीत) कोणत्या डीएलएलचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या साहाय्यक फाइलचे, नाव येते ते इथे कळवा. आपल्या भाषेत खाते ठेवणाऱ्यावर ही पाळी यावी याचे मला मनापासून वाईट वाटते; हा दोष सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आहे.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. नव्या खात्यातून सॉफ्टवेअर व्यवस्थित उघडले. अनट्रंकने तुटलेल्या फाइलचा बराचसा भाग मिळाला. धडक देणारी पांढरी गाडी आणि तिच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्यात स्पष्ट दिसतात.

काका, गाडी लॉक केल्यावर अर्ध्या तासाने मीटरवर ०.४२ अँपिअर आले आणि कॅमेऱ्याचा फ्यूज काढताच ०.०३ वर उतरले. लाल व पिवळी वायर एकाच फ्यूजवर निघाली. इंजिन सुरू असताना व्होल्टेज १४.२ आहे. मग बॅटरी बदलावी की नाही?

वायरिंगवाले काका

हिशेब जुळला. ०.४२ अँपिअरने ६० तासांत सुमारे २५ अँपिअर-अवर जातात. ३५ च्या बॅटरीतून, तीही चौथ्या वर्षी, एवढे गेल्यावर सेल्फ फिरणार नाही. लाल वायर किल्लीच्या फ्यूजवर घ्या आणि किटमध्ये कट-ऑफ (कॅमेरा आपोआप बंद होण्याचे व्होल्टेज) निवडता येत असेल तर तो १२.२ वर ठेवा. पार्किंगमधले चित्रण त्यामुळे काही तासांनी थांबेल, ते मान्य करावे लागेल.

बॅटरी आत्ताच बदलू नका. शिसे-आम्ल बॅटरी पुन्हापुन्हा पूर्ण उतरली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो, त्यामुळे थोडे नुकसान झालेले असणारच. पण ते किती, हे लोड टेस्टरच (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद मोजणारे यंत्र) सांगेल. आधी चार्जरवर रात्रभर सावकाश भरून घ्या, दुसऱ्या दिवशी तपासणी करवून घ्या आणि त्या वेळी सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली येते ते इथे कळवा.