दुसऱ्या वर्षाला सुटलेलं बीए

ताई, लग्नामुळे बीए दुसऱ्या वर्षाला सुटलं आणि आता पंचेचाळिशीत पोरांच्या बाकावर बसायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच शिक्षण सुटलेल्यांसाठी. तिथे तुम्ही वेगळ्या दिसणारच नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी अंगणवाडी सांभाळून तिथूनच पदवी घेतली. भाकऱ्या थापताना पुस्तक डब्याला टेकवून उघडं ठेवायच्या, पानापानाला पीठ लागलेलं. अवघड जातं ते लिहिणं! तीन तास पेन धरून हात भरून येतो, म्हणून आत्तापासूनच रोज दोन पानं लिहायला घ्या. जुन्या गुणपत्रिकाही शोधून ठेवा. पहिलं वर्ष धरतात का, हे प्रवेशाआधीच अभ्यासकेंद्रावर विचारा.