चिआंग माईचं वाट उमोंग: आईला झेपेल का?

होटगीरोडकर: आई विपश्यनेला नेमाने बसते. यंदा तिला थायलंडमधला एखादा विहार बघायचाय, पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा असलं नको. झाडीतून निवांत फिरायचं, मन लागलं तिथं बसायचं. चिआंग माईचं वाट उमोंग कसं आहे? (वाट म्हणजे थाई भाषेत विहार.) आईचे गुडघे दुखतात.

माळरान: इगतपुरी काय वाईट आहे ओ?

होटगीरोडकर: वाईट कशाला, तिथूनच तर सुरुवात झाली तिची. पण शिबिरात दहा दिवस आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, शिवाय बायका-पुरुष वेगळे. आम्हाला दोघांना सोबत फिरायचंय.

पाच्छापेठ: मग वाट उमोंगच बरं. डोई सुथेप डोंगराच्या पायथ्याला, जुन्या शहराच्या पश्चिमेला आहे. सुरुवात तेराव्या शतकाच्या शेवटी मंगराई राजाच्या काळात झाली म्हणतात. स्तूपाखालच्या टेकाडात विटांचे बोगदे आहेत, कोनाड्यांत बुद्धमूर्ती. आत अंधार आणि गारवा. काकूंचा हात धरा. वर स्तूपाकडे जायला पायऱ्या आहेत, त्या सोडल्या तरी चालेल. खरी मजा खाली. झाडांवर वचनांच्या पाट्या ठोकल्यात, काही इंग्रजीतही. एका कोपऱ्यात भंगलेल्या मूर्ती मांडून ठेवल्यात. मला बोगद्यापेक्षा तिथंच जास्त वेळ बसावंसं वाटलं. पुढं तळं. लोक माशांना खायला घालायला येतात, म्हणून सकाळी लवकर जा. तळ्याकाठी चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करायला छान. काकू शिबिरात बसून कंटाळत असतील तर हे नक्की आवडेल.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र चुकूनही नको. शेतं-रानं जाळतात, धुरानं डोंगर दिसत नाही.

शेंगाचटणी: खांदे-गुडघे झाकणारे कपडे, बोगद्यात शिरताना चपला बाहेर. काकूंना सांगा, भिक्खूंच्या हातात थेट काही द्यायचं नाही, समोर ठेवायचं. बाईचा स्पर्श त्यांना चालत नाही. जेवायला पिवळी 'जे'ची (थाई शाकाहाराची) पाटी शोधा, तिथं मांस-मासळी नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. बेचव लागतं. कडक भाकरी न्या.

माळरान: आयडीवरून वाटलं चटणी न्या म्हणशील.

होटगीरोडकर: दोन्ही नेतो. जानेवारीत हवा चांगली असेल, पण आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा सोडून आई हलायची नाही. डिसेंबरच बघतो. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, तिथून बँकॉक. पुढं रात्रीची रेल्वे की विमान?

पाच्छापेठ: विमान. गुडघे म्हणालात ना.