रात्री घरात मोठ्यानं वाचायला पुढचं पुस्तक कोणतं घ्यावं?

मेडिकलवाली, कराड

आधी प्रश्न, मग पाल्हाळ. जेवणं आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास घरात मोठ्यानं वाचता येईल असं पुस्तक सुचवा. ऐकणाऱ्या मुख्य बाई माझ्या सासूबाई, वय ७४. बाकीचे 'आम्ही नाही हं ऐकत' म्हणत आसपासच असतात.

सासूबाईंना बरीच वर्षं साखर आहे. मध्यंतरी डोळ्याच्या पडद्याला सूज आली, इंजेक्शनं झाली, सूज उतरली, पण बारीक अक्षर काही लागत नाही. पोथीचं अडलं नाही. गुरुचरित्राचे रोजचे अध्याय तोंडपाठ आहेत, पान नुसतं समोर लागतं. अडलं ते दुपारचं वाचन. निपाणीत शाळेत होत्या तेव्हापासून हाताला लागेल ते वाचणारी बाई, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायच्या. ह्यांनी हौसेनं मोबाईलवर ऑडिओबुक लावून दिलं. ते लगेच परत आलं. "त्या बाईला मधेच थांब म्हणता येत नाही," म्हणाल्या. मग ते काम माझ्या गळ्यात पडलं. दुकान नऊला बंद करते, जेवणं, भांडी, की पुस्तक. सुरुवातीला अकरावीतली लेक आतून ओरडली, "आई, तू प्रिस्क्रिप्शन वाचतेयस! स्वल्पविरामाला थांबत जा." तेव्हापासून थांबते.

आतापर्यंत काय काय झालं ते सांगते, म्हणजे आमची चव कळेल.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सगळ्यात झकास गेलं. १९३४ ते ३६ च्या दरम्यान चार भागांत आलेलं पुस्तक, पण वाचताना शेजारची बाई ओट्याशी उभी राहून बोलतेय असं वाटतं. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवायला लावणारे वडील आले आणि सासूबाईंनी आपल्या एका चुलत आजेसासऱ्यांची कथा काढली. त्या रात्री तीन पानांपुढं गाडी गेली नाही. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ ला ख्रिस्ती होतात तो भाग जवळ आला तशी मला धाकधूक होती, कारण आमच्याकडं गुरुवारी कांदासुद्धा चालत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी बायकोच्या कानावर घालायला काय झालं होतं?" धर्माबद्दल अवाक्षर नाही, राग सगळा न सांगण्याचा. मला स्वतःला त्या पुस्तकात आवडलं ते हे, की लक्ष्मीबाई नवऱ्यावर कितीही वैतागल्या तरी त्याला लहान करत नाहीत. त्याची वेंधळी उदारता सांगतात, तिच्यापायी झालेले हाल सांगतात आणि हसतात. आजकालच्या आत्मचरित्रांत हिशेब चुकते करण्याची जी घाई असते ती इथं औषधालाही नाही.

त्यानंतर शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' घेतलं, सासऱ्यांच्या आग्रहावरून. कॉलेजात मी ते रडत रडत वाचलं होतं. मोठ्यानं वाचताना मात्र दम लागला, अगदी शब्दशः. एका सूर्योदयाला किती विशेषणं! शिवाय कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून गोष्ट आहे, पण जिभेवर घेतली की सहाही जण एकाच आवाजात बोलतात. डोळ्यांनी वाचताना हे कळत नाही, कारण आपण धावत असतो. अण्णा (सासरे) ह्यावरून माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलत होते. पूर्ण केलं मी, पण नेटानं.

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' म्हणजे आमच्या घरात सणच. एक तर संत इथं कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यामुळं अर्ध्या गावाला ते आपले वाटतात. दुसरं म्हणजे त्यातल्या लंपन नावाच्या पोराच्या त्या कानडी वळणाच्या मराठीवर सासूबाईंचा माहेरचा हक्क. मी एखादा हेल चुकवला की "असं नाही म्हणत गं आमच्याकडं" म्हणून स्वतः करून दाखवायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई लंपनच्या आवाजात बोलते हे बघायला लेकसुद्धा बाहेर येऊन बसली. तिनं लंपनची वेब सिरीज पाहिलेली, त्यामुळं "सिरीजमध्ये असं नव्हतं" हा तिचा ठेका. आई-वडिलांपासून लांब आजी-आजोबांकडं राहणाऱ्या पोराचं दुःख संत कधी बोलून दाखवत नाहीत. पोरगं हुंदडत असतं, आणि मधेच एखाद्या साध्या वाक्यापाशी माझाच आवाज बसायचा.

जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया' मी दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं तेव्हा काउंटरवर वाचलं. भारी आहे. घरी एकच कथा वाचून पाहिली, तर "हे असलं झोपायच्या आधी नको" असा निकाल आला. निकाल मान्य.

आणि अण्णांचं सांगायचं राहिलंच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कादंबरी वाचतात ती हातात पेन्सिल घेऊन, पटलं तिथं समासात बारीक टिक. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' सगळी टिकांनी भरलीय, तीही वाचनालयाची प्रत, बोलणी मी खाल्ली. "पाटील स्वतः पुनर्वसनाचे अधिकारी होते, नोटिसा-पंचनामे बरोबर लिहिलेत," हे त्यांचं परीक्षण. उठलेल्या माणसांबद्दल काही बोलले नाहीत. मग मी कृष्णात खोतांचं 'रिंगाण' आणलं, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेलं. धरणात गाव गेलेला माणूस मागं राहिलेली म्हैस आणायला परत जातो, एवढीच गोष्ट. भाषा कोल्हापूरकडची, सुरुवातीला चावून चावून वाचावी लागते, नंतर अशी पकडते की सोडवत नाही. अण्णांनी ते अख्खं वाचलं आणि एकही टिक नाही. विचारलं तर म्हणाले, "ह्यात तपासण्यासारखं काय आहे?" आवडलं की नाही, देव जाणे. पण म्हैस सापडते का, हे त्यांनी सासूबाईंना आधीच सांगून टाकलं, त्यामुळं ते मोठ्यानं वाचायचं राहिलं!

तर अटी अशा: प्रकरणं लहान हवीत, माणसं बोलणारी हवीत, दर दहा पानांना कुणी मरायला नको. ह्यांच्यासाठी वेगळं काही नको, ते पेपरातली कोडी सोडवतात आणि कान इकडं ठेवतात.

---

चिपळूणचे मास्तर

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' घ्या. डोळे मिटून घ्या. अंबू नावाची कोकणातली बाई आपल्या गावाची हकिगत सांगते. कोकणी बोलीत आहे, तरी कराडच्या जिभेला फारशी जड जाणार नाही. गोनीदांचं गद्य मुळात कानासाठीच लिहिल्यासारखं आहे. वीणा देव आणि विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं वर्षानुवर्षं केली, लोक तिकीट काढून नुसतं ऐकायला बसत. ना नेपथ्य, ना काही.

एक सूचना मात्र करतो. गाव ओसाड पडत जातं, त्यामुळं शेवट जड आहे. तुमच्या 'मरायला नको' अटीत ती पूर्ण बसणार नाही.

'मृत्युंजय'बद्दल लिहिलंत ते मला रुचलं नाही. विशेषणं काढलीत तर उरेल काय? तो काव्याचा डोलारा आहे, तो तसाच पेलायचा.

---

बडोद्याहून

चिं. वि. जोशी! अजून कुणी कसं सुचवलं नाही? बाकी जग त्यांना पुण्याचं समजतं, पण आमच्या बडोद्यात पाली भाषा शिकवणारा हा विद्वान माणूस. चिमणराव, काऊ, गुंड्याभाऊ. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ चं आहे, तरी एकेक प्रकरण सुटं, बरोबर एका बैठकीचं. आमच्या घरी मे महिन्यात आजोबा वाचायचे आणि विनोद यायच्या आधीच स्वतः हसत सुटायचे, पुढचं वाक्य कुणालाच कळायचं नाही. काही विनोद आता जुने वाटतील, बायकांवरचे तर नक्कीच. सासूबाई ते कसे घेतात हे इथं येऊन कळवा, मला उत्सुकता आहे.

---

सखू_डब्लिन

मेडिकलवाली ताई, तुमचं वाचून मला बळ आलं. मी इथून सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते. माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची झोपायची वेळ, म्हणून शनिवार-रविवार दुपारीच जमतं. नेट अडखळलं की बाबा म्हणतात, "शेवटचं वाक्य परत."

आमच्याकडं सध्या इरावती कर्वे यांचं 'युगान्त' चालू आहे. 'मृत्युंजय' झाल्या झाल्या तुम्ही हेच घ्या, खरी गंमत येईल. कादंबरी नाही, महाभारतातल्या एकेका व्यक्तीवर लेख आहेत. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, एका रात्रीला एक असं जमतं. कर्णाला बाईंनी मांडीवर घेतलेलं नाही, तो कुठं कुठं घसरला ते सरळ लिहिलंय. 'पितापुत्र' ह्या लेखात विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा का, ह्याची चर्चा आहे. बाबा तिथं एवढे उखडले की पुढचा शनिवार सगळा वाद घालण्यात गेला. तुमच्या अण्णांची पेन्सिल त्या पानांवर काय करते ते बघायला आवडेल.

माझा मुलगा सात वर्षांचा, मराठी बोलतो पण वाचायचा कंटाळा. त्याला बालभारतीच्या साइटवरचे 'किशोर'चे जुने अंक दाखवते, फुकट आहेत, १९७१ पासूनचे. चित्रं बघता बघता चार ओळी वाचतो. सक्ती केली की मात्र टॅब फेकतो.

---

स्पष्टवक्ता

मला हे सगळं जरा गोड गोड वाटतंय. वाचन ही एकट्यानं करायची गोष्ट आहे. मोठ्यानं वाचायला चांगलं ते चांगलं पुस्तक, ही कसोटी लावली तर निम्मं मराठी साहित्य बाद होईल. 'काजळमाया' झोपायच्या आधी नको म्हणून ठेवून दिलंत, म्हणजे तोटा कुणाचा?

---

मेडिकलवाली, कराड

स्पष्टवक्ता, 'काजळमाया' मी ठेवून दिलेलं नाही, काउंटरवरच आहे, दुसऱ्यांदा चाललंय. ते दुकानाचं पुस्तक, हे घराचं. प्रत्येक पुस्तक सगळ्यांना ऐकवायला हवं असं मी कुठं म्हटलं? 'मृत्युंजय'बद्दलचं मत मात्र कायम आहे. डोळ्यांना घाईत जे खपतं ते जिभेला खपत नाही. मास्तर, डोलारा पेलला मी, पूर्ण पेलला, पण दुसऱ्या दिवशी घसा बसला होता आणि गिऱ्हाइकं मलाच खोकल्याचं औषध सुचवत होती.

काल घरात पंचायत बसली. 'युगान्त'चं नाव काढल्यावर अण्णा म्हणाले, "कर्णाबद्दल वेडंवाकडं असेल तर मी उठून जाईन." सासूबाई म्हणाल्या, "मग आधी तेच वाच." त्यामुळं 'युगान्त' ठरलं, आणि सुरुवात कर्णापासून नाही, गांधारीपासून, कारण वाचणारी मी आहे. पुस्तक दुकानातून विकतच आणलं, पेन्सिलीसाठी. 'पडघवली' दिवाळीनंतर. आमच्याकडं दिवाळीत कादंबरी चालत नाही, तेव्हा अंकांवरून मारामारी असते आणि ह्यांना शब्दकोडी असलेला अंक आधी लागतो.

बडोदेकर, चिमणराव लेकीनं मागून घेतलंय. ती स्वतः वाचून दाखवणार आहे म्हणे. मी स्वल्पविराम मोजत बसणार. सखू, 'किशोर'बद्दल थँक्यू गं, माझ्या भाच्याला लिंक पाठवली.

अजून एक विचारायचं होतं. 'स्मृतिचित्रे'ची मोठ्या टायपातली प्रत कुणी पाहिलीय का? सासूबाईंना ती उशाशी हवीय. वाचता येणार नाही, त्यांनाही माहीत आहे, पण हवीय.

---

चिपळूणचे मास्तर

मोठ्या टायपाचं विचारून बघतो आमच्या पुस्तकवाल्याकडं. घेताना एवढं पाहा, संक्षिप्त आवृत्तीही बाजारात मिळते, ती नको. पूर्ण आहे का हे दुकानदाराला विचारूनच पैसे द्या.

आणि घसा बसल्यावर खडीसाखर.