मदत हवी आहे: प्रदर्शनात न्यूट कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी. पर्यावरण संवर्धनाच्या सार्वजनिक प्रदर्शनात न्यूट या शेपटीवाल्या उभयचरांचं दालन मांडतोय. जिवंत न्यूट ठेवायला मन धजत नाही. त्वचा पातळ, पाणी तापलं की हाल. शिवाय २०१३ मध्ये शोध लागलेली, त्वचा पोखरणारी ती बुरशी सॅलमँडर आणि न्यूट दोघांच्याही जिवावर उठते, त्याची धास्ती आहेच. पण मग मुलांना हा जीव जवळचा कसा वाटणार? युरोपातल्या तुरेवाल्या न्यूटची मादी एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानात दुमडून ठेवते, किती जपून! एवढं तरी मला दाखवायचंच आहे. त्यासाठी मॉडेल बरं की व्हिडिओ? कुणी असं दालन उभारलं असेल तर साहित्य कोणतं वापरलं, मजकूर किती ठेवला, मुलं कुठे रेंगाळली, कृपया सांगा.